चिमुकली गाडी रंग का धरत नाही?

भोरहून रायरेश्वराच्या वाटेला लागले की आंबवडे येते. नागेश्वराचे देऊळ, संस्थानकाळातला झुलता पूल आणि पावसाळ्यात दिवसचे दिवस न उघडणारा पाऊस. अशा गावात लोखंडाला रंग देणे ही हौस नसते, दर दोन-चार वर्षांनी करावेच लागणारे काम असते. दिवाळीच्या आधी गेटवर आणि खिडक्यांच्या गजांवर ऑइलपेंटचा हात फिरतो. उरलेला रंग वाया कशाला घालवायचा म्हणून तो गोठ्याच्या नव्याकोऱ्या पत्र्याला लागतो. आणि डब्याच्या अगदी तळाशी राहिलेल्या रंगावर घरातल्या पोराचा डोळा असतो, कारण त्याच्या जुन्या खेळण्यांतल्या धातूच्या गाडीचे टवके उडालेले असतात.

डबा एक, ब्रश एक, रंगवणारा हातही एकच. गेटवरचा रंग वर्षानुवर्षे टिकतो. पत्र्यावरचा दोन पावसाळ्यांत पोपडे धरून सुटतो. गाडीवरचा तर काही दिवसांतच नखाने सोलून निघतो, आणि खाली कारखान्यात दिलेला मूळ रंग, उडालेल्या टवक्यांसकट, होता तसा दिसतो. बोल मात्र लागतो रंगाच्या दुकानदाराला.

तेल, जस्त आणि नको असलेला साबण

डब्यात काही खोट नसते. फरक असतो खालच्या धातूत. गेट लोखंडाचे असते. पत्राही आतून लोखंडाचाच, पण त्यावर गंज धरू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेला असतो. रंगाची गाठ लोखंडाशी पडतच नाही, जस्ताशी पडते. आणि हातात वजनदार लागणाऱ्या त्या छोट्या गाडीत लोखंड जवळपास नसतेच, फार तर चाकांच्या आसापुरते. तिची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते. त्यात सुमारे 4 टक्के ॲल्युमिनियम आणि नावापुरते मॅग्नेशियम मिसळलेले असते. हा धातू 400 अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो. तो पोलादी साच्यात जोराने दाबला की दाराच्या फटीपासून जाळीच्या रेघांपर्यंत सगळे बारकावे उठतात. डिंकी, मॅचबॉक्स, हॉट व्हील्स या सगळ्यांचे तंत्र हेच. ऐंशी-नव्वदच्या दशकांत आपल्याकडे ‘लिओ’ नावाने मिळणाऱ्या गाड्याही अशाच होत्या.

आता ऑइलपेंटकडे पाहू. नावाप्रमाणे त्यात तेलाचा अंश असतो. जवस, सोयाबीन अशा तेलांपासून बनवलेली राळ हा त्याचा मुख्य घटक. जस्ताला ओल लागली की त्याच्या पृष्ठभागावर अल्कधर्मी संयुगे तयार होतात. तेल आणि अल्कली एकत्र आले की काय बनते, हे घरी साबण केलेल्या कुणालाही ठाऊक आहे. रंगाच्या थराखाली, धातूला अगदी चिकटून, जस्ताच्या साबणाचा एक ठिसूळ पापुद्रा तयार होतो. वरचा रंग धडधाकट असतो, फक्त त्याच्या पायाखालची जमीन सरकलेली असते. म्हणून पत्र्यावरचा रंग झिजत नाही, मोठमोठ्या पोपड्यांनी अख्खा सुटतो. लोखंडाच्या बाबतीत ही भानगड होत नाही.

जुने पेंटर नवा पत्रा एक-दोन पावसाळे तसाच उघडा ठेवायला सांगत. त्यामागचे रसायन त्यांना कुणी शिकवले नव्हते, पण सल्ला पक्का होता. ऊन-पावसात जस्तावर हळूहळू कार्बोनेटचा राखाडी, स्थिर थर बसतो. तो रंगाशी कमी भांडतो आणि खरखरीत असल्यामुळे रंगाला पकडही देतो.

खेळण्यातल्या गाडीला मात्र साबण होण्याइतकाही वेळ मिळत नाही. तिथे रंग दिला जातो तो मूळच्या गुळगुळीत, चकचकीत रंगावर, आणि त्यावर वर्षानुवर्षांच्या बोटांचे तेल असते. म्हणजे रंगाला धरायला काहीच नसते. ही गाडी नीट रंगवायची तर आधी ती उघडी करावी लागते.

आधी उघडी करा

समजा हातातल्या गाडीची मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी करायची आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून कायमची गेली. तेव्हापासून ती कपाटात तरी असावी असे अनेकांना वाटते, मलाही वाटते.

गाडी उलटी धरली तर तळाला एक-दोन गोल बोंडे दिसतात. ते रिव्हेट. बॉडीतून खाली आलेल्या खुंट्यांची टोके ठेचून तळ पक्का केलेला असतो. हातातल्या ड्रिलने, सुमारे 3 मिलिमीटरच्या बिटाने, फक्त ते ठेचलेले टोक काढायचे. खोल गेलात तर खुंटीच जाते. मग काचा, आसने आणि चाके वेगळी होतात, आणि ती वेगळी करणे सक्तीचेच आहे, कारण काचा प्लॅस्टिकच्या असतात. थिनरच्या नुसत्या वाफेनेही त्या धुरकट होतात, तडकतात.

मूळ रंग काढण्याआधी एक छोटी चाचणी करावी. कापसाच्या बोळ्यावर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर घेऊन तळाच्या आतल्या बाजूला घासायचे. बोळ्याला रंग लागला तर तो साधा लॅकर आहे, थिनरनेच निघेल. बोळा कोरा राहिला तर तो भट्टीत भाजलेला रंग आहे. त्याचे रेणू एकमेकांत गुंतून जाळे झालेले असतात. ते विरघळत नाहीत, फार तर फुगतात. पेंट रिमूव्हर नेमके तेच करतो: जाळ्यात शिरून त्याला फुगवतो, धातूपासून उचलतो, आणि रंग सुरकुत्या पडून सुटतो. यातल्या बऱ्याच रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमिथेन असते. त्याची वाफ बंद खोलीत जीवघेणी ठरू शकते. हे काम मोकळ्या अंगणात, जाड हातमोजे आणि चष्मा घालून, मोठ्या माणसानेच करायचे.

कॉस्टिक सोड्याचे पाणी स्वस्त पडते म्हणून कुणी सुचवेल. गेटच्या लोखंडी कडीसाठी ठीक आहे. गाडीसाठी नाही. जस्त आणि ॲल्युमिनियम दोन्ही कॉस्टिकमध्ये विरघळतात. बुडबुडे येऊ लागतात तेव्हा रंग निघतोय असे वाटते, पण ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात आणि खाल्ली जात असते गाडी.

आणखी एक गोष्ट जुन्या रंगाबद्दल. पूर्वी पिवळा-लाल रंग उठावदार करायला शिशाची संयुगे सर्रास वापरत. 2007 मध्येही मॅटेलला ‘कार्स’ चित्रपटातल्या सार्ज नावाच्या धातूच्या गाड्या रंगातल्या शिशापायी परत मागवाव्या लागल्या होत्या. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, तर खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले 2021 मध्ये. त्यामुळे जुन्या गाडीचा रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये. वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासला की धूळ उडतच नाही. आणि पुन्हा रंगवलेली गाडी शोकेससाठी, तोंडात घालणाऱ्या बाळासाठी नव्हे.

मूळ रंग बऱ्यापैकी शाबूत असलेली, तळावर जुने नाव असलेली दुर्मीळ गाडी मात्र मी रंगवू देणार नाही. हात लावायचा तो टवके उडालेल्या, जत्रेत-रद्दीत मिळणाऱ्या गाड्यांना.

धातूला चावणारा प्रायमर

उघडी झालेली बॉडी 600 नंबरच्या वॉटर पेपरने हलकेच घासायची, भांड्याच्या साबणाने धुवायची, वाळवायची आणि त्यानंतर उघड्या बोटाने तिला शिवायचे नाही. बोटाच्या एका ठशातले तेलही रंगाला त्या जागी धरू देत नाही.

चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत खऱ्या गाडीची बॉडी रंगाआधी फॉस्फेटच्या हौदातून जाते. धातूवर फॉस्फेटचे सूक्ष्म स्फटिक उगवतात आणि रंग त्यांच्या फटींत रुततो. घरी याची छोटी आवृत्ती म्हणजे एच प्रायमर. मोटारींच्या रंगाच्या दुकानांत तो बहुधा दोन भागांत मिळतो. एकात राळ, दुसऱ्यात फॉस्फोरिक आम्ल. मिसळल्यावर काही तासांत संपवावा लागतो. आम्ल जस्ताला किंचित चावते, तिथेच जस्ताचे फॉस्फेट बनते, आणि राळ त्या थराला जखडून बसते. जस्त आणि वरचा रंग यांच्यात हा मध्यस्थ आला की साबणाचा प्रश्न मिटतो. थर अगदी पातळ, खालचा धातू पुसट दिसेल इतकाच द्यायचा. जाड दिलात तर आम्ल आतच अडकते आणि पुढे फोड येतात. काही जुन्या प्रकारच्या एच प्रायमरमध्ये झिंक क्रोमेट असते, जे विषारी आहे. डब्यावरची बारीक अक्षरे वाचून क्रोमेट नसलेला घ्यावा.

वाळणे सगळ्यांचे सारखे नसते

‘रंग वाळला’ असे आपण सरसकट म्हणतो. प्रत्यक्षात वेगवेगळ्या घटनांना हा एकच शब्द आपण वापरतो, आणि घरी रंगवलेल्या बहुतेक गाड्या बिघडतात त्या हा फरक लक्षात न आल्याने.

चौकट : रंग कशाने वाळतो?

*एनसी लॅकर (बऱ्याच टच-अप स्प्रेमध्ये हा किंवा ॲक्रिलिक लॅकर) :* फक्त थिनर उडून जातो. मिनिटांत हाताला कोरडा लागतो. पण पुन्हा थिनर लागला की पुन्हा विरघळतो, कितीही वर्षांनी.

*ऑइलपेंट, इनॅमल :* आधी टर्पेंटाइन उडते, मग राळ हवेतला ऑक्सिजन घेऊन आपले जाळे विणते. हाताला एका दिवसात कोरडा. आतपर्यंत पक्का व्हायला कित्येक दिवस, पावसाळ्यात आठवडे.

*पाण्याचा ॲक्रिलिक :* पाणी उडते आणि राळेचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून सलग थर होतो. वास कमी. सुकल्यावर पाण्याने निघत नाही.

*हार्डनर घालायचा टू-के पीयू :* सर्वांत टिकाऊ, पण त्यातल्या आयसोसायनेटच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो. घरात नको.

यातला इनॅमल सर्वांत दगाबाज. ऑक्सिजन वरून येतो म्हणून वरचा भाग आधी घट्ट होतो. तापवलेल्या दुधावर साय धरते आणि खाली दूध पातळच राहते, तसा प्रकार. रंग जाड लावला तर साय पक्की होते, खालचा रंग नंतर सुकताना आकसतो किंवा फुगतो, आणि सायीला सुरकुत्या पडतात. अशा अर्धवट वाळलेल्या इनॅमलवर कुणी लॅकरचा स्प्रे मारला की लॅकरमधला जहाल थिनर सायीतून खाली उतरतो आणि सगळा थर उकलून वर येतो. उलट क्रम चालतो. पूर्ण वाळलेल्या लॅकरवर इनॅमल दिला तर टर्पेंटाइनमध्ये लॅकर विरघळवण्याची ताकद नसते. थोडक्यात, वरच्या थराचा द्रावक खालच्या थराला झेपला पाहिजे.

एनसी लॅकरने खऱ्या मोटारींचा इतिहासही बदलला आहे. 1923 मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीचा ‘ड्यूको’ लॅकर बाजारात आला. तोवर तेलाच्या रंगाने मोटार रंगवून वाळवायला आठवडे लागत. ते काम तासांवर आले. डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजांत कित्येक वर्षे ‘ड्यूको पेंट’ हा शब्द कंपनीच्या पलीकडे जाऊन सगळ्याच फवारणीच्या रंगाला लागू होता.

पावसाळ्यात पांढरा पडणारा काळा

जुलैत आंबवड्यासारख्या गावात एनसी लॅकरचा काळा रंग फवारला तर दोन मिनिटांत त्यावर दुधी धुके चढते. काळी टॅक्सी राखाडी होते. रंग जुना होता, भेसळ होती, असे निदान लगेच केले जाते.

कारण हवेत असते. थिनर भराभर उडतो आणि उडताना पृष्ठभागातली उष्णता घेऊन जातो. रंगाचा थर काही अंशांनी थंड पडतो. हवा 28 अंशांची आणि आर्द्रता 85 टक्के असेल, तर दव पडायला पृष्ठभाग सुमारे 25 अंशांपर्यंत उतरला की पुरे. म्हणजे अवघा 3 अंशांचा फरक, आणि तेवढा गारवा थिनर सहज आणतो. हवेतले पाणी थेट ओल्या रंगावर दव होऊन बसते. ते थरात शिरले की राळ गुठळ्यांनी बाहेर पडते, आणि या असंख्य सूक्ष्म गुठळ्या उजेड सगळीकडे विखुरतात. उजेड सगळीकडे विखुरला की डोळ्याला पांढरे दिसते. हेच काम एप्रिलच्या दुपारी करा: हवा 36 अंश, आर्द्रता 25 टक्के, तर दव पडायला पृष्ठभाग 13 अंशांपर्यंत उतरावा लागेल. तेवढा तो उतरत नाही.

पावसाळ्यातच रंगवायचे असेल तर बॉडी आधी हेअर ड्रायरने कोमट करून घ्यावी. ड्रायर बंद करून दूर ठेवला, मगच फवारा मारावा. थिनरच्या वाफा आणि तापलेली तार यांची भेट होऊ देऊ नये. धातू 40 अंशांवर असला तर थोडा गार पडूनही तो दवाच्या वरच राहतो. पांढरा पडलेला थर वाचवताही येतो. हळू उडणारा रिटार्डर थिनर वरून अगदी हलका फवारला की लॅकर पुन्हा विरघळतो, अडकलेले पाणी निघून जाते आणि काळा परत काळा होतो. इनॅमलला हा इलाज लागू नाही.

64 पट लहान गाडीचा रंग किती जाड?

पद्मिनीची लांबी 3.93 मीटर. 1:64 प्रमाणात ती सुमारे 6 सेंटिमीटर होते. आता रंगाचे पाहा. कारखान्यातून निघालेल्या खऱ्या मोटारीवर प्रायमरपासून चकाकीच्या थरापर्यंत सगळे मिळून साधारण 100 ते 120 मायक्रॉन रंग असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याची 64 पट लहान प्रत करायची तर रंग 2 मायक्रॉनच्याही आत हवा, आणि इतका पातळ थर घरात कुणालाही देता येत नाही. उलट आपण ब्रशने 50 मायक्रॉनचा एक हात मारला, तर तो खऱ्या गाडीवर 3 मिलिमीटरहून जाड लेप दिल्यासारखा होतो. म्हणून ब्रशने रंगवलेली छोटी गाडी वितळल्यासारखी दिसते. चूक रंगाच्या छटेत शोधली जाते, ती असते जाडीत.

पृष्ठताण ही जाडी आणखी बिघडवतो. ओला रंग टोकदार कडेपासून मागे सरकतो, त्यामुळे बोनेटच्या धारेवर तो विरळ होतो, आणि दाराच्या अरुंद फटीत मात्र खेचला जाऊन साचतो. जिथे रंग हवा तिथे नाही, जिथे नको तिथे गच्च. उपाय एकच: धुक्यासारखे पातळ थर, मध्ये थांबून, दरवेळी फवारा गाडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. डबा 20-25 सेंटिमीटरवर. फार जवळून मारला की ओघळ, फार लांबून मारला की थेंब हवेतच सुकून खरखरीत पीठ बसते.

मेटॅलिक रंगाची अडचण वेगळी. त्यात ॲल्युमिनियमच्या चकत्या असतात. 20 मायक्रॉनची एक चकती 64 पटीने मोजली तर सव्वा मिलिमीटरची होते. खऱ्या मोटारीवर कुणी एवढ्या टिकल्या चिकटवत नाही. मोटारीच्या टच-अपचा चंदेरी स्प्रे या गाडीवर लग्नातल्या शालूइतका चमचमतो, तो यामुळेच.

काळ्या-पिवळ्यात क्रम महत्त्वाचा. काळा रंग म्हणजे काजळी. ती उजेड गिळते, म्हणून पातळ थरातही खालचे झाकते. पिवळा तसा नाही. जुना क्रोम पिवळा शिशाच्या क्रोमेटचा, झाकायला जबरदस्त. शिसे गेल्यावर आलेले बरेचसे सेंद्रिय पिवळे रंग स्वच्छ आहेत, पण पारदर्शक. काळ्यावर पिवळा दिला तर शेवाळी दिसतो आणि झाकण्याच्या नादात थरांवर थर चढतात. म्हणून आधी सगळ्या बॉडीला पांढरा प्रायमर, मग टपाला पिवळा, तो पूर्ण वाळल्यावर मास्किंग टेप, आणि शेवटी काळा. टेपच्या कडेखाली काळा झिरपू नये म्हणून कडेवर आधी पिवळ्याचाच एक हलका फवारा मारतात. जे काय झिरपायचे ते पिवळेच झिरपते आणि फट बुजते. काळा अजून मऊ असतानाच टेप तिरकी ओढून काढायची. पूर्ण वाळू दिला तर कडेला दातेरी टवके निघतात.

शेवटी पाटी

नंबराची पाटी रंगवायच्या फंदात पडू नये. खऱ्या गाडीच्या पाटीवर अक्षर 65 मिलिमीटर उंच आणि त्याची रेघ 10 मिलिमीटर जाड असते. 64 ने भागले की अक्षर उरते एक मिलिमीटरचे आणि रेघ साधारण दोन केसांच्या जाडीची. पुण्याची खासगी गाडी असेल तर पांढऱ्यावर काळ्यात एमएच 12, मुंबईची टॅक्सी असेल तर पिवळ्यावर काळ्यात एमएच 01. दोन्ही लेझर प्रिंटरवर डिकल कागदावर छापून घेता येतात. पाण्यात भिजवून सरकवायचा हा पातळ पापुद्रा खरखरीत पृष्ठभागावर बसवला तर खालच्या खळग्यांत हवा अडकते आणि पाटीभोवती चंदेरी डाग उठतो. म्हणून पाटीच्या जागी आधी चकाकीचा एक थर, तो वाळल्यावर डिकल, आणि डिकलच्या कडा दिसेनाशा व्हाव्यात म्हणून वरून क्लिअरचा आणखी एक, पहिल्याहून पातळ.